खेकड्याच्या पायावरून घसरणारा दोरा

सर, तुम्ही चुकलात. आधी हे सांगून टाकते, मग बाकीचं. तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, त्यामुळे राग यायचा प्रश्न नाही, आणि आलाच तरी मी इथे कर्वेनगरात चौथ्या मजल्यावर आहे, लिफ्ट बंद आहे, तुम्हाला दम लागेल. खोल समुद्रातून आलेले ते दोन खेकडे, जे तुम्ही एका बरणीत घालून नर आणि मादी म्हणून लावले होते, ते एका घरचे नाहीत. दोन वेगळ्या जाती आहेत. काल दुपारी माझ्या डोळ्यांदेखत ठरलं. माझ्या हातानं ठरलं म्हटलं तरी चालेल, पण तसं म्हटलं की मिरवल्यासारखं होतं, म्हणून म्हणत नाही. आज सकाळी दोनदा दूध उतू गेलं. सून म्हणाली, "आई, आज काय लॉटरी लागली का?" मी म्हटलं, "खेकडा लागला." तिनं माझ्याकडे बघितलं, डबा उचलला आणि ऑफिसला गेली. आता घरात कोणी नाही. नातीच्या वहीतली मधली चार पानं काढलीत आणि ओट्याशेजारी बसलेय. सातवी शिकलेल्या बाईचं लिहिणं आहे, तेव्हा लाल पेन काढू नका.

तुम्हाला आठवत असेल-नसेल, मी तुमच्या झूऑलॉजी डिपार्टमेंटात आले ती झाडू मारायला. तेव्हा आमच्या इकडे अजून शेतं होती, सोसायट्या नव्हत्या, आणि मी चालत कॉलेजला यायचे. पहिल्याच आठवड्यात तुमच्या टेबलावर ट्रेमध्ये नदीचे खेकडे मांडलेले, पोरं वाकून बघतायत, तुम्ही विचारताय, यात मादी कुठली. मी खालून झाडत येत होते, माझ्या तोंडातून निघून गेलं, "ती कडेची." मला वाटलं, गेली नोकरी. तुम्ही म्हणालात, "कशावरून?" मी झाडू भिंतीला लावला, हात पदराला पुसले, खेकडा उलटा केला. म्हटलं, "पोटावरचं झाकण बघा की. नराचं चिंचोळं असतं, निमुळतं. हिचं पसरट आहे, ताटलीसारखं." तुम्ही विचारलंत, "कुठे शिकलात?" मी म्हटलं, "बांधावर. आई रश्श्याला भरलेली मादी निवडून घ्यायची." तुम्ही हसला नाहीत. बाकीचे हसले. तुम्ही म्हणालात, "बाई, उद्यापासून झाडू दुसऱ्या कोणाला तरी द्या. तुम्ही माझ्या बरण्या सांभाळा."

मग बरण्याच सांभाळल्या. पुण्याचा उन्हाळा, स्पिरिट उडतं, पंधरा दिवसांनी प्रत्येक बरणी उजेडात धरून बघायची, कमी झालं की भरायचं, झाकणाच्या कडेला व्हॅसलीन लावायचं. लेबल पेन्सिलीनं लिहायचं, कारण शाई स्पिरिटमध्ये रडते. लेबल बरणीच्या बाहेर चिकटवायचं नाही, आत टाकायचं, आणि टाकायचंही नाही, खेकड्याच्या पायाला दोऱ्यानं बांधायचं. तुमचा नियम. "बरणी फुटेल, माणूस मरेल, पण जनावर आणि त्याचं लेबल यांची ताटातूट होता कामा नये." लेबल नसलेला खेकडा म्हणजे नुसता मेलेला खेकडा, असं तुम्ही म्हणायचात. आणि शिपायांनी उभं राहून काम करायचं अशी तेव्हा पद्धत होती, तर तुम्ही ऑफिसात जाऊन भांडून माझ्यासाठी पाठ टेकायचं स्टूल आणवलंत. हेड क्लार्क म्हणाला, उद्या सगळे मागतील. तुम्ही म्हणालात, "मग सगळ्यांना द्या." हे मी विसरलेले नाही. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढे मी तुम्हाला बोलणार आहे.

ते दोन खेकडे आले तो दिवस मला लख्ख आठवतोय. कोकणातून एसटीच्या पार्सलनं डबा आलेला. समुद्रात लांब जाऊन खोलवर जाळं टाकणारी कुठली तरी बोट होती, त्यांच्या जाळ्यात सापडलेले. तुम्ही डबा उघडताय आणि दोरी सोडायच्या ऐवजी दातांनी तोडताय, असं मी पहिल्यांदाच बघतेय. हाताच्या पंजाएवढे, लांब पाय, डोळ्यांच्या मधे दोन शिंगं, आणि शेवटचे दोन पाय छोटे, वर पाठीवर वळलेले. मला वाटलं मोडलेत, मी खाली दाबायला लागले, तर तुम्ही ओरडलात, "अहो बाई, ते तसेच आहेत! त्या पायांनी तो पाठीवर काहीतरी धरून चालतो, डोक्यावर पाटी घेतल्यासारखं." मी विचारलं, किती खोल. तुम्ही खिडकीकडे गेलात, बोट दाखवलंत आणि म्हणालात, "ती पर्वती आहे ना, तशा पाच पर्वत्या एकावर एक ठेवा. तरी शेंडा बुडेल. तिथे दिवस नाही, रात्र नाही, नुसता काळोख." त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. डबा तसाच परत नेलात. पुण्यात समुद्र नाही, नदी आहे ती अशी, आणि समुद्राच्या तळाचा खेकडा कोण आहे ते ठरवायचं आपण, एका खोलीत, गळक्या नळाशेजारी. मला त्या गोष्टीचं भारी वाटायचं. घरी सांगून कोणाला पटायचं नाही.

तुम्ही पुस्तकं काढलीत, बाहेरगावी पत्रं लिहिलीत, मोजमापं घेतलीत, आणि ठरवलंत की ही एकच जात, आधी माहीत असलेली, यातला एक नर, एक मादी. शिंगांत थोडा फरक होता तो नर-मादीचा. बरणी एक, लेबलं दोन. मी दोन्ही बांधली. आठ दिवसांनी बघते तर मादीचं लेबल पायाला, नराचं तळाशी. परत बांधलं. परत तळाशी. तिसऱ्यांदा दुहेरी गाठ मारली. तरी तळाशी. आणि नेमकं त्या दिवशी तुमचं प्रॅक्टिकल, पोरं गोळा झालेली, तुम्ही बरणी वर धरलीत, लेबल आपलं खाली पडलंय पाचोळ्यासारखं. तुम्ही म्हणालात, "बाई, ही मेथीची जुडी नाही. गाठ मारायला शिका आता." पोरं फिदीफिदी हसली. एक जण तर खिडकीकडे तोंड करून हसत होता, म्हणजे मला दिसू नये, पण खांदे दिसत होते ना.

सर, तुम्हाला माहीत नव्हतं तुम्ही कोणाला काय बोललात. माझी आई मंडईत भाजी विकायची. मी सहा वर्षांची असल्यापासून पहाटे बांधावर बसून केळीच्या सोपटानं जुड्या बांधल्यात. मेथी, कोथिंबीर, शेपू, कांद्याची पात. माझ्या हातची जुडी मंडईत पोचेपर्यंत कधी सुटली नाही. गिऱ्हाइकाच्या घरी सुटायची नाही, विळी लावायला लागायची. आणि मला गाठ येत नाही? घरी जाऊन मी कोणाशी बोलले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र लवकर आले, दार उघडलं, बरणी काढली, आणि रागारागानं एक गोष्ट केली. मादीच्या पायाचा दोरा सोडला आणि तोच नराला बांधला. नराचा मादीला बांधला. माझीच गाठ, तोच हात, तोच दोरा. ट्रेमध्ये थोडं हलवलं. नरावरचा सरकन घसरला. मादीवरचा हलेना. परत उलटसुलट केलं. तेच. मग पायावरून बोट फिरवलं. वरून दोघांच्या मांडीला सारखीच बारीक लव, मखमलीसारखी, डोळ्याला काही दिसत नाही. पण मादीच्या पायाला लवेखाली काट्यांची ओळ आहे, करवतीसारखी, आणि नराचा पाय अंड्यासारखा गुळगुळीत. गाठ माझी सुटत नव्हती. दोऱ्याला धरायलाच काही नव्हतं.

तुम्ही आलात तसं मी सांगितलं. म्हटलं, "सर, हे दोन वेगळे आहेत. पाय वेगळे आहेत." तुम्ही रागावला नाहीत, खरं सांगायचं तर. कपाटातून ती चिखलातल्या खेकड्यांची बरणी काढलीत, ज्यातल्या नराची एक नांगी अंगाएवढी मोठी असते आणि मादीच्या दोन्ही चिमुकल्या. म्हणालात, "बघा. ही एकच जात. आता नुसती नांगी बघितली तर कोणी म्हणेल का नवरा-बायको? नर-मादीत फरक असतोच, बाई. मोर आणि लांडोर बघा." मी म्हटलं, "बरं." काय म्हणणार? बरोबरच बोललात तुम्ही. मोर म्हणालात तिथे मी हरले. पण मनात म्हटलं, मोराचा पाय आणि लांडोरीचा पाय मी बघितलाय, तो सारखाच असतो. मग तुमचा पेपर छापून आला. तुम्ही मला एक प्रत दाखवलीत, खेकड्याचं चित्र फार सुंदर होतं. पायाच्या काट्यांचा त्यात एक शब्द नव्हता. मी मात्र चित्रात पाय शोधला. तुम्ही रिटायर झालात, मग गेलात, मग मीही रिटायर झाले, आणि त्या बरणीचं लेबल तळाशी पडलेलं राहिलं. शेवटी शेवटी मी बांधणं सोडून दिलं होतं. म्हटलं, राहू दे. माझं म्हणणं तिथे पडून राहू दे.

आता काल. अकराच्या सुमाराला बेल वाजली. दारात एक पोरगी, हातात हेल्मेट, घामानं भिजलेली, चार जिने चढून आलेली. म्हणाली, "बरण्यांचं रजिस्टर तुम्हीच लिहायच्या ना, आजी?" मी म्हटलं, "विकायला काही आलीस का? आम्हाला काही नको." तर हसायला लागली. तुमच्याच कॉलेजात पीएच.डी. करतेय. मूळ यवतमाळची, राहायला वाघोलीला, रोज एवढं ट्रॅफिक कापत येते. मी म्हटलं, यवतमाळला कुठला समुद्र? म्हणाली, "आमच्याकडे उन्हाळ्यात नदीला पाणी नाही राहत, आजी, समुद्र कुठला. म्हणूनच तर." मला पोरगी आवडली. पाणी दिलं, पोहे टाकले. पोहे खाता खाता तिनं सांगितलं ते असं. तिच्याकडे खोल पाण्यातले सहा खेकडे आलेत, नव्यानं पकडलेले, पाठीवर ओझं धरणारेच. तिला वाटतंय यात दोन जाती आहेत, पण एकीला दुसरीपासून कशावरून वेगळं करायचं ते सापडेना. शिंगं मोजली, नांग्या मोजल्या, सगळं एकमेकांत मिसळतंय. तिच्या मॅडमचं म्हणणं, जुन्या पेपरात सरांनी एक जात लिहून ठेवलीय, तेच नाव टाक आणि मोकळी हो. सोमवारी रिपोर्ट जायचाय.

"तर मी म्हटलं, सरांचे जुने नमुने तरी पाहून घेऊ," ती म्हणाली. "तर हे पाहा ना." आणि फोन पुढे केला. फोनात आपली बरणी, सर. तीच. स्पिरिट पिवळं झालेलं, कोणी बदललेलं दिसत नाही, त्यावर नंतर बोलेन. मादीच्या पायाला लेबल, आणि दुसरं तळाशी. दोऱ्याचा वेढा तसाच, गाठ तशीच, आत पाय नाही. पोरगी म्हणाली, "हे सुटलेलं लेबल याचंच आहे की दुसऱ्या कोणाचं, हे कोणालाच माहीत नाही. मॅडम म्हणतात, लेबल सुटलं म्हणजे नमुना बाद. म्हणून तुम्हाला शोधून राहिले मी."

मी हसायलाच लागले, सर. ओट्याला धरून हसले. पोरगी घाबरली. म्हणाली, "आजी, काय झालं?" मी म्हटलं, "सुटलेलं नाही ते. गाठ बघ, आहे तशी आहे. ते घसरलंय. पडणारच! त्याच्या पायाला काटे नाहीत. तू त्या सहा जणांच्या पायाचे काटे बघितलेस का?" ती म्हणाली, "पायावर केस आहेत, आजी. फोटोत काही दिसत नाही." मी म्हटलं, "फोटोत नाही गं. दोऱ्यानं बघायचं." तिला कळेना. मी देव्हाऱ्याशेजारच्या डब्यातून शिवणाचं रीळ घेतलं, चपला घातल्या आणि म्हटलं, "चल." ती म्हणाली, "आत्ता?" मी म्हटलं, "नाही, मुहूर्त काढूया. चल की."

या वयात स्कूटरवर मागे बसून गेले. हेल्मेट घातलं होतं, तुमच्या त्या खेकड्यासारखीच दिसत असेन. सिग्नलला एक रिक्षावाला म्हणाला, "आजी, घट्ट धरा." मी म्हटलं, "तू तुझं हँडल धर." डिपार्टमेंट काही ओळखू येत नाही आता, फरशी बदलली, खिडक्यांना काचा सरकत्या. पण दार उघडलं आणि तो वास आला, आणि मला एकदम कमरेला पदर खोचावासा वाटला. पोरीनं ट्रे मांडला. सहा खेकडे. मी चष्मा पुसला, दोऱ्याचा एक सैलसा वेढा केला, पहिल्याच्या मांडीवर चढवला आणि हलकेच ओढला. सर्रकन बाहेर. याला डावीकडे ठेवलं. दुसरा, सर्रकन. डावीकडे. तिसऱ्याला चढवला, ओढला, अडकला. परत ओढला, तट्ट. उजवीकडे. चौथा डावीकडे, पाचवा उजवीकडे, सहावा डावीकडे. पाच मिनिटं लागली नसतील. डावीकडे चार गुळगुळीत, उजवीकडे दोन काटेरी.

आणि मग मला धडकी भरली. कारण तुमचं म्हणणं माझ्या कानात वाजायला लागलं, मोर आणि लांडोर. गुळगुळीत तेवढे सगळे नर निघाले आणि काटेरी तेवढ्या माद्या, तर तुम्ही बरोबर, मी उगाच चाळीस वर्षं फुगून बसले, आणि ही पोरगी सोमवारी तोंडावर पडणार. पोरीच्याही ध्यानात आलं. ती म्हणाली, "आजी, उलटे करू?" मी म्हटलं, "कर. वाट कसली बघतेस?" तिनं डावीकडचा पहिला उलटा केला. झाकण चिंचोळं. नर. दुसरा. नर. तिसरा. नर. तुम्ही तिथे कोपऱ्यात हाताची घडी घालून उभे आहात असं मला वाटलं, आणि म्हणताय, बाई, बघितलंत? पोरगी थांबली. मी म्हटलं, "दे इकडे," आणि चौथा मीच उलटा केला. सर, पसरट झाकण! ताटलीसारखं! मादी! गुळगुळीत पायाची मादी! मी ओरडले असेन, कारण बाहेरून कोणीतरी डोकावलं. मग काटेरी दोन. पहिली मादी. आणि शेवटचा जो होता, तो पोरीनं हळूच वळवला. चिंचोळं झाकण. काटेरी पायाचा नर. दोन्ही बाजूंना नर, दोन्ही बाजूंना माद्या. दोन घरं, सर, दोन पुरती घरं. मोरही दोन घरचे आणि लांडोरीही दोन घरच्या.

पोरगी मला मिठी मारायला आली, हाताला स्पिरिट, मी म्हटलं, "लांबून." पण मारली तिनं. मग तुमची ती बरणी उघडली. झाकण निघेना, शेवटी मीच काढलं, व्हॅसलीन लावायचं कळत नाही यांना. तुमचा नर गुळगुळीत, तुमची मादी काटेरी, जसं मी सांगितलं तसं. एका घरचा नवरा, दुसऱ्या घरची बायको, आणि चाळीस वर्षं एका बरणीत संसार. बिचारे. मॅडम आल्या. पन्नाशीच्या असतील, चष्मा गळ्यात अडकवलेला, आल्या त्या वैतागूनच, म्हणे मीटिंगमधून उठवलं. पोरीनं दाखवलं. त्यांनी दोन्हीकडचा एकेक नर घेतला, झाकण वर केलं आणि आतली ती बारीक काडी मायक्रोस्कोपखाली धरली. तुम्हीच सांगायचात ना, नराची ती काडी म्हणजे किल्ली, ज्याचं कुलूप त्याची किल्ली, एका जातीची दुसऱ्या जातीला लागत नाही. तुमच्याकडे तेव्हा एकच नर होता, दुसरी किल्ली ताडून बघायला नव्हतीच. आता होती. मॅडमनी एक बघितली, दुसरी बघितली, परत पहिली. मग मला म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बघा." मी डोळा लावला. एकीचं टोक सरळ, एकीचं हुकासारखं वळलेलं. मॅडमनी चष्मा काढला, पोरीकडे वळल्या आणि म्हणाल्या, "सोमवारचं विसर. सगळं पहिल्यापासून मोज. पायांपासून." पुण्यात याहून मोठं कौतुक कोणी करत नाही, हे त्या यवतमाळच्या पोरीला कळेना, तिचा चेहरा पडला. मी तिला कोपरानं ढोसलं, म्हटलं, हस, पास झालीस.

आता लगेच नवी जात म्हणून पाटी लागणार नाही. पोरगी म्हणाली, अजून वर्ष तरी जाईल. जगात इतरत्र कोणाच्या बरणीत काटेरी पायाचा पडलाय का ते बघायचं, रक्ता-मांसाच्या तपासण्या करायच्या, चित्रं काढायची. कदाचित दुसऱ्याच कोणी कधीच नाव ठेवलेलं निघेल. निघू दे. वेगळी आहे ना? मला तेवढं पुरे. गुळगुळीत जो आहे तो तुम्ही म्हणालात तोच, त्याचं नाव बरोबर आहे. म्हणजे तुम्ही अर्धेच चुकलात. नव्या पेपरात तुमचा पेपर येणार, नराबद्दल बरोबर आणि मादीबद्दल चूक असं लिहितात म्हणे, तशी रीतच आहे, त्यात अपमान नसतो. मी पोरीला म्हटलं, चूक हा शब्द बारीक अक्षरात लिही. ती म्हणाली, "सगळी अक्षरं सारखीच असतात, आजी." बरं, म्हटलं.

मला परत सोडायला आली तेव्हा खाली गेटपाशी स्कूटर बंद केली तिनं आणि विचारलं. दोऱ्याचं मी सांगितलं ते तिला पेपरात लिहायचंय, म्हणून नीट विचारत होती. "सरांना तुम्ही तेव्हा सांगितलं. मग त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही का तुम्हाला? पेपर पाठवण्याआधी?" मी म्हटलं, "छे. एवढे मोठे सर, शिपाईबाईला परत कशाला विचारतील?" ती म्हणाली, "हो ना, असंच असते," आणि तिनं मान हलवली, आणि मी जिना चढले. चौथ्या मजल्यापर्यंत तीनदा थांबले.

विचारलं होतं तुम्ही. मी सिंकपाशी ट्रे धूत होते, तुम्ही पोस्टात जायला निघाला होता, पाकीट काखेत. दारातनं मागे आलात. नळ तुम्हीच बंद केलात, म्हणजे मला नीट ऐकू यावं. म्हणालात, "बाई, त्या पायाचं तुम्ही म्हणत होता... तुम्हाला खरंच वेगळे वाटतात का? हे पाठवू ना?" आणि मला तो खिडकीकडे तोंड करून हसणारा पोरगा आठवला. मला माहीत होतं, सर. दोरा बदलून बघितला होता मी, दोनदा. तो प्रकार तुम्हाला कधी सांगितलाच नव्हता, नुसतं वेगळे आहेत एवढंच सांगितलं होतं. तेव्हा दोरा आणून तुमच्यासमोर चढवायला पाच मिनिटं लागली असती. मी नळ परत सुरू केला आणि म्हटलं, "तुमचं तुम्हाला माहीत." तुम्ही पाकिटावर उडालेलं पाणी बाहीनं पुसलंत. मग गेलात.

तुमची मुलगी अजून तुमच्याच घरी राहते. ही पानं तिच्याकडे नेऊन द्यायची असं सकाळपासून मनात होतं, म्हटलं बापाचं नाव परत निघालंय, बरं वाटेल तिला. पण आता नाही द्यायची. ती वाचेल ना.